आत्याचा केस पेपर

माझा राग नाकावर असतो, हे म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या निम्म्या जबड्यांना ठाऊक आहे. सकाळी मी डेंटल कॉलेजात शिकवते आणि संध्याकाळी स्वतःचा दवाखाना चालवते. तंबाखू खाणारा पेशंट खुर्चीत बसला की आधी त्याला झाडते, मग भूल देते. लोक ऐकून घेतात, कारण हात हलका आहे. काही जण मात्र पुन्हा फिरकत नाहीत. ते तंबाखू सोडतात की मला सोडतात, हे मी कधी शोधायला गेले नाही.

कॉलेजात माझा एक नियम प्रसिद्ध आहे. तोंडातून कापून काढलेली कुठलीही गोष्ट, मोहरीएवढी का असेना, फॉर्मॅलिनच्या बाटलीत जाते आणि बाटली लॅबमध्ये जाते. दिसायला साधी आहे म्हणून टाकून द्यायची नाही. हिरडीवर येणाऱ्या गाठी जुळ्या बहिणींसारख्या असतात, सगळ्या गुलाबी, गुळगुळीत, वाटाण्याएवढ्या. त्यातली एखादी नुसती सूज असते, एखादी दुर्मीळ पण निरुपद्रवी गाठ असते आणि एखादी जिवावर उठलेली असते. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. एका मुलीनं एकदा असा तुकडा बोळ्यात गुंडाळून टाकून दिला, तेव्हा मी तिला भर वर्गात इतकं फैलावर घेतलं की बिचारी बाहेर जाऊन रडून आली. पुढे तीच मुलगी शिकून आमच्याच विभागात लेक्चरर म्हणून लागली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही. नजरबादच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. आमचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते म्हणतात. घोडे कधीच गेले. घरात उरली ती मराठी, आणि तीही निम्मी कन्नडात भिजलेली. माझी आई लवकर गेली, तेव्हा शाळेत जाताना माझ्या वेण्या आत्यानं घातल्या. अजूनही ती आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहते आणि दही संपलं तर माझ्याकडे येते.

तिचा खरा जीव आहे तो बुधवारात. जुनं कन्नड काव्य रागात पण तालाशिवाय म्हणायची इकडे एक पद्धत आहे, तिला गमक म्हणतात. एक जण म्हणतो, दुसरा अर्थ सांगतो. दर बुधवारी संध्याकाळी जवळच्या एका सभागृहात आत्या म्हणते आणि एक निवृत्त मास्तर अर्थ सांगतात. पन्नासेक पेन्शनर स्कूटरवरून आणि सिटी बसनं येतात. आवाज तिचा फार गोड नाही. पण एकेक अक्षर असं सुटं आणि स्वच्छ येतं की ज्याला जुनं कन्नड कळत नाही तोही मान डोलावतो. "सूर स्वल्प इकडेतिकडे झाला तर लोक माफ करतात गं, अक्षर मोडलं तर अर्थच मोडतो," असं ती सांगते. त-थ-द-ध ही अक्षरं जीभ वरच्या पुढच्या दातांना टेकल्याशिवाय निघत नाहीत. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर चित्र काढून शिकवते. आत्याला ते चित्राशिवाय ठाऊक होतं.

एका रविवारी दुपारी मी दवाखान्यात हत्यारं आवरत होते. आत्या डबा घेऊन आली. डबा ठेवला आणि ओठ वर करून म्हणाली, "हे काय आलंय बघ गं जरा. जिभेला लागतं सारखं."

वरच्या पुढच्या दोन दातांच्या मध्ये, हिरडीवर, गुलाबी गाठ होती, वाटाण्याहून थोडी लहान. कधीपासून आहे, असं मी विचारलं असावं. उत्तराची वाट पाहिल्याचं आठवत नाही, कारण तोवर मी दिवा तिच्या तोंडावर ओढला होता.

आमच्या घरात मी डॉक्टर झाल्यापासून पेशंट असा कोणी झालाच नाही. सगळे 'जरा बघ गं' वाले. कुणाची दाढ स्वयंपाकघरात चमच्याच्या दांड्यानं तपासली, कुणाला फोनवर गोळी सांगितली, कुणाचा दात दोन पेशंटांच्या मध्ये काढला. बाहेरचा माणूस आला की केस पेपर निघतो. नाव, वय, त्रास काय, कधीपासून, पूर्वी कुठली औषधं, कुठल्या सवयी, सगळं लिहिल्याशिवाय मी आरसा हातात धरत नाही. घरच्या माणसाचा केस पेपर कसला काढायचा? त्याचं सगळं आपल्याला माहीत असतंच. मला तर तसंच वाटत होतं.

भूल दिली, पाच मिनिटांत गाठ कापली, टाका घातला. बाटल्या डाव्या हाताच्या फळीवर होत्या. हात लांब करायचा अवकाश होता. पण बाटली घ्यायची म्हणजे तिच्यावर चिठ्ठी लावायची, लॅबचा कागद भरायचा, सोमवारी कुणाला तरी पाठवायचं. आणि ही तर आत्या. साधी सूज असणार, दातावरच्या किटणानं आलेली. मी तो तुकडा बोळ्यात गुंडाळला आणि दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला.

"आयतु?" झालं का, असं आत्यानं कन्नडात विचारलं.

"आयतु," मी म्हटलं. मग आम्ही दोघींनी तिच्या डब्यातला दहीभात खाल्ला. तिला गरम काही खायचं नव्हतं म्हणून तिनं तोच आणला होता. तिला आधीच माहीत होतं की आज काहीतरी कापलं जाणार. याचाही अर्थ मला तेव्हा लागला नाही.

आठ-नऊ महिने गेले. एका संध्याकाळी ती माझ्याकडे चहाला बसली होती. समोर कोडबळे होते, आपल्या कडबोळ्यांसारखे. आत्याला कोडबळे कडक लागतात आणि ती ते पुढच्या दातांनी कडाकडा फोडते, लहानपणापासून बघत आलेय. त्या दिवशी तिनं कोडबळा हातानं मोडला आणि तुकडा गालाशी सारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी कप खाली ठेवला.

"तोंड उघड."

"चहा पी गं आधी."

"आत्या, तोंड उघड म्हणते ना!"

मी ओरडलेच. तिनं लहान मुलीसारखं तोंड उघडलं. गाठ त्याच जागी परत आली होती, या वेळी मोठी, आणि तिनं डावा दात किंचित बाजूला लोटला होता. माझी पाचावर धारण बसली. परत येणाऱ्या गाठीबद्दल मी वर्गात तासभर बोलू शकते, पण त्या क्षणी मला फक्त ती पिवळी पिशवी दिसत होती. पहिली गाठ काय होती, हे सांगणारी एकच गोष्ट जगात होती आणि ती मी स्वतःच्या हातानं फेकून दिली होती.

या वेळी मी स्वतः हात लावायचा नाही, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजात घेऊन गेले. रांगेत उभं राहून तिचा केस पेपर काढला. तपासायला बसली होती तीच माझी जुनी विद्यार्थिनी, वर्गातून रडत गेलेली. मी तिला सांगितलं, माझी आत्या आहे, पण तू इतर पेशंटासारखंच सगळं कर. ती म्हणाली, "मग मॅडम, तुम्ही बाहेर थांबा." बरोबरच होतं. मी पडद्याच्या बाहेर, एक्स-रे बघायच्या पेटीपाशी उभी राहिले. पडदा कापडाचा होता. त्यातून सगळं ऐकू येत होतं.

मुलगी कन्नडात विचारत होती, सावकाश, एकेक. मीच तसं शिकवलं होतं.

"अम्मा, ही गाठ पहिल्यांदा कधी जाणवली?"

"दोन वर्षं होत आली असतील."

मी हिशेब करून पाहिला. म्हणजे मी पहिल्यांदा कापली, त्याच्या वर्षभर आधीपासून ती होती.

"दुखते?"

"नाही."

"रक्त?"

"ब्रश लागला तर स्वल्प."

"घरात डॉक्टर आहेत. इतके दिवस त्यांना का नाही सांगितलं?"

"घरी येते तेव्हा ती डॉक्टर नसते. दवाखान्यात असते तेव्हा घाईत असते."

मी पेटीवरचा दिवा उगीच बंद केला, चालू केला.

"पान, तंबाखू?"

"पान खाते."

"पानात तंबाखू?"

आतली खुर्ची करकरली. मग आत्याचा आवाज आला, बुधवारच्या आवाजाहून कितीतरी लहान. "चिमूटभर कड्डीपुडी. कचेरीत होते तेव्हापासून. सगळ्याच बायका घालायच्या."

तीस-पस्तीस वर्षं! माझ्या घराच्या मागच्या गल्लीत, माझ्या पाठीमागे, माझ्या आत्याच्या गालात तंबाखू होता आणि मी सगळ्या म्हैसूरला तंबाखूवरून झापत फिरत होते. तिच्या दातांवर डाग होते. मी ते पाहिले होते आणि सुपारीचे म्हणून सोडून दिले होते. माझ्या अंगाची लाही झाली. पडदा ओढून आत जावं आणि तिला फाडून खावं असं वाटलं. तेवढ्यात मुलीनं पुढचा प्रश्न विचारला. तो कागदावर छापलेला नसतो. तो तिनं स्वतःचा घातला होता.

"भीती वाटते का, अम्मा?"

"वाटते की."

"कशाची? आजाराची?"

"तिची," आत्या म्हणाली. "ओरडते हो फार."

मी पडद्याला लावलेला हात मागे घेतला.

आतून मुलीनं विचारलं, "मागच्या वेळी गाठ काढली, तिचा रिपोर्ट काय होता?"

"रिपोर्ट नाही. ती बाटलीत घालत होती, मीच नको म्हटलं. सुम्ने, उगीच कशाला बाटली-गिटली, म्हटलं."

पेन कागदावर फिरल्याचा आवाज आला. मी आत जाऊन 'नाही, चूक माझी' असं म्हणायला पाहिजे होतं. चार पावलांचं अंतर होतं. मी गेले नाही. मला त्या मुलीच्या डोळ्यांना डोळा देववला नाही, इतकं साधं कारण होतं.

गाठीचा एक लहानसा तुकडा काढून बाटलीत गेला. आठवड्यानं रिपोर्ट येणार होता. स्कूटरवर मागे बसताना आत्यानं ओठांवर पदर धरला होता. दारात उतरल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुझी शिष्या ना गं ती. तिच्यासमोर तुझी मान खाली का घालायची?"

"आणि तंबाखू? मला का नाही सांगितलंस?"

"बिडू आता, सोड," म्हणून ती आत गेली.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसत होतं, तेवढाच आधार. तंबाखूचं कळल्यापासून मला भलतंसलतंच सुचत होतं. गाठ वाईट निघाली तर पुढचे दात जाणार, हाडाचा तुकडा जाणार, बुधवार जाणार, आणि कदाचित आत्याही. आठ-नऊ महिन्यांपूर्वी बाटली भरली असती तर हे सगळं तेव्हाच कळलं असतं. त्या बुधवारी मी सभागृहात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. आत्यानं टाका सांभाळत गमक म्हटलं. एका 'थ'पाशी हवा सुटली. कुणाच्या लक्षात आलं नसेल. तिनं डोळे मिटून तीच ओळ पुन्हा म्हटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलीकडे जाऊन आत्याचा केस पेपर मागितला. 'पूर्वीची तपासणी: पेशंटने नकार दिला,' असं तिनं नीटस अक्षरात लिहिलं होतं. मी ते गिरवून काळं करायला लागले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, खाडाखोड करायची नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. तुम्हीच सांगितलंय."

मी एकच रेघ मारली. वर लिहिलं, 'तपासणीस पाठवले नाही. निष्काळजीपणा माझा.' सही केली. मग तिला म्हटलं, "त्या दिवशी वर्गात मी तुला जे बोलले, ते तसं बोलायला नको होतं." ती म्हणाली, "पण मॅडम, त्यानंतर मी एकही तुकडा टाकलेला नाही." माझी समजूत घालायला म्हणाली की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. मी स्टाफरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

रिपोर्ट शनिवारी आला. पेरिफेरल ओडोंटोजेनिक फायब्रोमा. कॅन्सर नव्हता. माझ्या सगळ्या नोकरीत मी ही गाठ स्लाइडवर पाहिली होती, माणसाच्या तोंडात एकदाही नाही. लहानपणी आपले दात घडवणाऱ्या पेशींचे काही अवशेष हिरडीत तसेच पडून राहतात. बहुतेकांचे जन्मभर झोपून असतात. आत्याचे साठी उलटल्यावर जागे झाले आणि तंतूंची गाठ विणत बसले. तंबाखूचा यात हात नव्हता. पण ही गाठ वरवर कापली तर परत येते. मुळाशी, हाडावरच्या पातळ आवरणासकट काढावी लागते आणि मग वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते. मी त्या रविवारी पाच मिनिटांत नुसता शेंडा छाटला होता.

मी धावतच आत्याकडे गेले आणि दारातूनच सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे दात यायचे राहिलेले होते होय मला?" ती म्हणाली आणि पदर न धरता हसली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि रडले. तिनं एका हातानं माझ्या पाठीवर थोपटलं आणि दुसऱ्या हातानं खडे वेचत राहिली.

पूर्ण गाठ काढली ती आमच्या विभागातल्या सर्जननं, मुलगी मदतीला होती. मी फक्त आत्याचा हात धरून उभी होते. दोन्ही दात वाचले. हिरडी थोडी वर गेली आणि ते दात आता लांबुडके दिसतात. पहिले काही बुधवार अक्षरांत हवा सुटली. आत्या रोज पहाटे त-थ-द-ध घोकत बसायची, ते आमच्या मागच्या खिडकीतून ऐकू यायचं. दोन महिन्यांनी तिची ओळ पहिल्यासारखी लखलखीत आली आणि मास्तरांनी अर्थ सांगायच्या आधी नाक शिंकरलं.

परवा सहा महिन्यांची तपासणी होती. तिला दर वेळी कॉलेजची रांग नको होती, म्हणून मुलीला विचारून ती माझ्या दवाखान्यात आली. मी सवयीनं दिवा ओढला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि टेबलाकडे बोट दाखवलं.

"आधी कागद काढ."

मी कागद काढला, समोर स्टूल घेऊन बसले आणि विचारायला लागले. नाव. वय. ते मला दोन वर्षांनी चुकीचं माहीत होतं. काही दुखतं का, रक्त येतं का, जिभेला काही लागतं का. ती कन्नडातच उत्तरं देत होती, अगदी परक्या पेशंटसारखी. मी लिहीत होते. मग तो प्रश्न आला.

"तंबाखू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखानं उकरत राहिली. बाहेर बस थांबली आणि गेली.

"आठवड्यातून एकदा," ती म्हणाली. "बुधवारी. गमक म्हणून झाल्यावर."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तीस वर्षांची सवय असते, शब्द रांगेत उभेच असतात. मी कागदाकडे पाहिलं आणि लिहिलं, 'आठवड्यातून एकदा.' मग विचारलं, "भीती वाटते का, आत्या?"

तिनं रेक्झिन उकरणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"स्वल्प कमी," ती म्हणाली, आणि मी न सांगता तिनं तोंड उघडलं.